आण्णा म्हणाले "गेर टाक", मी म्हणालो हिला गियर नाही : १९६७ ची क्रायस्लर ३०० आणि लव्हलँड पासचा उतार

जुन्या अमेरिकन मोठ्या गाड्यांबद्दल कुणी विचारलं की बोलणं लगेच किती पळायची यावर येतं. पळायच्याच, आणि त्याबद्दल मी खाली मनापासून लिहिणार आहे, पण माझ्याकडे दहा वर्षं जी गाडी होती तिची मला सगळ्यात जास्त आठवणारी गोष्ट पळण्याची नाही, उतरण्याची आहे. जुलै १९९५ मधली, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लव्हलँड पास या घाटातली. त्या दिवशी नेमकं काय झालं, का झालं, नंतर चाकं उघडली तेव्हा काय दिसलं आणि पुन्हा त्याच रस्त्यावर जाऊन काय तपासलं, हे सगळं एकदा नीट मांडतो, कारण अशी गाडी आजही कुणी हौसेने घेतली तर हेच त्याच्याही बाबतीत होऊ शकतं.

आधी गाडी. १९६७ ची क्रायस्लर ३००, दोन दारांची हार्डटॉप, म्हणजे दाराच्या आणि मागच्या काचेच्या मधे खांब नाही, चारही काचा खाली केल्या की बाजूने सगळं मोकळं. लांबी साडेअठरा फुटांच्या आसपास, वजन दोन टन. इंजिन ४४० क्युबिक इंच, म्हणजे ७.२ लिटर, व्ही-८, वर चार बॅरलचा, म्हणजे चार तोंडांचा, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). कंपनीचा आकडा ३५० हॉर्सपॉवर, पण हा जुन्या ग्रॉस पद्धतीचा आकडा, इंजिन टेबलावर ठेवून एअर फिल्टर-सायलेन्सरचा अडथळा न धरता मोजलेला. १९७२ पासून अमेरिकेत नेट आकडे छापायला लागले तेव्हा सगळ्याच गाड्यांचे आकडे एकदम खाली आले. टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा मात्र ऐकण्यासारखा आहे, ४८० पौंड-फूट, म्हणजे ६५० न्यूटन-मीटर, आणि तोही २,८०० आरपीएमलाच. याचा अर्थ असा की इंजिन ओरडायच्या आधीच गाडी निघालेली असते.

या नावामागे इतिहास आहे. १९५५ ला क्रायस्लरने सी-३०० काढली, ३०० हॉर्सपॉवर म्हणून ३००, आणि त्याच वर्षी कार्ल किकहेफरच्या टीमने तीच गाडी घेऊन नॅसकार ही अमेरिकेतली गाड्यांची शर्यत गाजवली, टिम फ्लॉक चॅम्पियन झाला. मग दरवर्षी एक अक्षर पुढे जात १९६५ ची ३००-एल ही त्या अक्षरवाल्या मालिकेतली शेवटची. माझी त्यानंतरची, बिनअक्षराची, त्यामुळे कलेक्टर लोकांना तिचं तेवढं कौतुक नव्हतं आणि म्हणूनच ती माझ्यासारख्या नोकरीला लागून तीनच वर्षं झालेल्या माणसाला परवडली. १९९३ मध्ये ग्रीलीजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून २,४०० डॉलरला घेतली. गाडी गोठ्यासारख्या शेडमध्ये उभी होती, वर पोत्यांचा ढीग, पण रंग खाली शाबूत, आणि आतल्या सीटला जो एक वास होता, ऊन लागलेलं रेक्झिन, पेट्रोल आणि जुनी धूळ यांचा, तो मला अजूनही कुठे आला की मी थांबतो.

पळण्याचं सांगतो. डेन्व्हरहून ईशान्येला आय-७६ हा हायवे जातो, फोर्ट मॉर्गन, स्टर्लिंग करत नेब्रास्काकडे, सपाट आणि सरळ. रविवारी पहाटे त्या रस्त्यावर ताशी ६० मैलांवर गाडी शांत चाललेली असायची, इंजिन दोन हजारांवर, आणि पाय जरा खोल दाबला की कार्ब्युरेटरचे मागचे दोन बॅरल उघडायचे, बॉनेटखालून एक खोल हुंकार यायचा, गियरबॉक्स एक गियर खाली उतरायचा आणि ते एवढं मोठं धूड नाक वर करून असं निघायचं की मान सीटला टेकायची. ९० कधी झाले ते काट्याकडे बघितल्यावरच कळायचं, कारण आत काहीच हलत नव्हतं, पुढच्या चाकांना टॉर्शन बार, मागे पाटे, आणि त्यावर दोन टन वजन, रस्त्यातले सांधे ढब ढब असे लांबून ऐकू यायचे. छोट्या स्पोर्ट्स गाडीत वेग अंगावर येतो, या गाडीत वेग अंगाखालून जातो, मला तरी असंच वाटायचं. पेट्रोल प्यायची, गॅलनला दहा-अकरा मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटर, आणि तरीही मला त्या पैशाचं कधी वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून होती, ती म्हणजे चारही चाकांना ड्रम ब्रेक, ११ इंची. चाकाबरोबर बिडाचा ड्रम फिरतो आणि पेडल दाबलं की दोन शू त्याला आतून घासून थांबवतात, शूवरचं घासणारं अस्तर म्हणजे लायनिंग. पुढे डिस्क ब्रेक त्या वर्षी जादा पैसे देऊन मिळायचे, पहिल्या मालकाने घेतले नव्हते. सपाटीवर थंड ड्रम छान लागतात, पॉवर ब्रेक होता, पेडलला नुसता पाय लावला तरी गाडी वाकायची. कोलोरॅडोत राहून मी डोंगरात ती फारशी नेलीच नव्हती. त्या वर्षी मार्चमध्ये गावातल्या एका गॅरेजकडून पुढचे शू बदलून घेतले होते आणि बदलून घेतलेत म्हणजे झालं, असं मी धरून चाललो होतो.

आता आण्णा. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते, अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीचशी कऱ्हाड-चिपळूण मार्गावर, म्हणजे रोज कुंभार्ली घाट. त्याआधी पोरवयात एका फार्गो ट्रकवर क्लीनर होते आणि गाडी शिकले ती त्याच ट्रकवर. फार्गो आणि डॉज हे ट्रक कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात क्रायस्लरशी केलेल्या करारावर बनायचे, त्यामुळे १९९५ च्या जुलैत आई-आण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आले आणि गॅरेजचं दार उघडून मी त्यांना गाडी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आपल्या फार्गोच्या घरचीच की ही." मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि दहा मिनिटं काही न बोलता आत बघत राहिले.

दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं निघालो, मी, बायको, आई आणि आण्णा. जायचं होतं डिलनच्या तलावावर. आय-७० ने सरळ आयझेनहॉवर बोगद्यातून गेलं की झालं, पण आईला जुलैतला बर्फ दाखवायचा म्हणून मी बोगद्याच्या आधी बाहेर पडून जुन्या यूएस-६ रस्त्याने लव्हलँड पासवर गाडी घेतली. ११,९९० फूट उंची. वर कॉन्टिनेन्टल डिव्हाइडची पाटी आहे, एका बाजूचं पाणी अटलांटिककडे जातं आणि दुसऱ्या बाजूचं पॅसिफिककडे. मी हे सांगितलं तर आण्णा लगेच म्हणाले की कुंभार्लीच्या माथ्यावर तेच आहे की, अलीकडचं कोयनेत जातंय आन् पलीकडचं वाशिष्ठीत. खरंच आहे, कोयना कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते आणि वाशिष्ठी दाभोळला अरबी समुद्रात. इतकी वर्षं मी त्या घाटातून गेलो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चढताना गाडी जड झाली होती, ते अपेक्षित होतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण तीन टक्के कमी होते, डेन्व्हरलाच ती पाच हजार फुटांची घट असते, आणि माथ्यावर जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. हे मला माहीत होतं. उतरताना काय होतं ते माहीत नव्हतं.

उतार

पश्चिमेकडचा उतार सहा-पावणेसात टक्क्यांचा, सलग, माथ्यावरून आधी अरापाहो बेसिन हे स्की करायचं ठिकाण लागतं आणि मग खाली कीस्टोन. बोगद्यातून ज्वालाग्राही माल न्यायला बंदी असते म्हणून पेट्रोलचे टँकर याच पासवरून जातात, आणि आमच्या पुढेही एक टँकर होता, अगदी हळू, स्वतःच्या गियरवर धरून उतरणारा. मी ड्राइव्हमध्ये होतो. म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा लिव्हर 'डी' ला, आणि ब्रेकवर पाय. पाय उचलला की गाडी लगेच टँकरच्या मागे जाऊन भिडायची म्हणून मी ब्रेक हलका दाबूनच ठेवला होता, सोडतच नव्हतो. वळण आलं की अजून दाबायचो. तीनेक मैल असं चाललं.

आधी पेडल जड लागायला लागलं. मला वाटलं उंचीमुळे. आणि हे पूर्ण चुकीचं नव्हतं, म्हणूनच मी फसलो. पॉवर ब्रेकचा बूस्टर बाहेरची हवा आणि इंजिनातला व्हॅक्यूम यांच्या दाबातल्या फरकावर चालतो, आणि बारा हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून कमी असतो, त्यामुळे बूस्टरची मदत वर गेल्यावर खरोखर कमी होते. पण आपण खाली उतरत होतो. उंचीचंच कारण असतं तर खाली येईल तसं पेडल हलकं व्हायला हवं होतं आणि ते उलट जास्त जड होत चाललं होतं. हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, नाही खटकलं.

मग वास आला. जळक्या लायनिंगचा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही, केस जळल्यासारखा, त्यात थोडं रबर. बायको म्हणाली टँकरचा असेल. मागच्या सीटवरून आण्णा म्हणाले, "न्हाय, आपलाय."

पुढचं वळण डावीकडे होतं, उजवीकडे कठडा नाही, त्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. मी पेडल दाबलं, ते दगडासारखं घट्ट होतं आणि गाडीचा वेग कमी होईना. पूर्ण ताकदीने दाबलं. तीस मैलांचे पंचवीस व्हायला हवे होते, काटा तीसवरच, टँकरचं मागचं बंपर मोठं होत चाललेलं. आई पांडुरंगाचं नाव घेत होती ते ऐकू येत होतं.

"आरं गेर टाक! गेर टाक खालचा!"

"आण्णा, हिला गियर नाहीये, ऑटोमॅटिक आहे!"

"बिनगेराची गाडी आसती व्हय? तो दांडा कशाचाय मग?"

आणि त्यांनी मागून माझ्या खांद्यावरून हात पुढे काढून त्या लिव्हरकडे बोट केलं. त्याखाली काचेत अक्षरं होती, पी, आर, एन, डी, २, १. दोन वर्षं मी ती अक्षरं रोज बघत होतो. २ आणि १ हे फक्त चिखलात किंवा बर्फात लागतात असं माझ्या डोक्यात कसं बसलं होतं कोण जाणे. मी लिव्हर खाली ओढला, २ वर आणि लगेच १ वर. इंजिनाने एकदम गर्जना केली, गाडीचं नाक खाली दबलं, आणि जणू कुणी मागून दोर धरला तशी ती ओढली गेली. वळणावर आम्ही टँकरपासून दोन गाड्यांच्या अंतरावर होतो. तिथून अरापाहो बेसिनचं पार्किंग जवळ होतं, सपाट, मी १ मध्येच आत वळवली आणि गाडी हँडब्रेकवर, म्हणजे पायाने दाबायचा असतो तो, आणि मग 'पी' ला टाकून कशीबशी उभी केली. पुढच्या दोन्ही चाकांमधून धूर येत होता.

आण्णा खाली उतरले. पाण्याची बाटली घेतली, बोटं भिजवून प्रत्येक चाकाच्या रिमवर थेंब उडवले. पुढच्या उजव्या चाकावर थेंब पडताच चर्र झालं आणि उडालं. पुढच्या डाव्यावर पण, जरा सावकाश. मागच्या दोन्हींवर थेंब पसरले, नुसती वाफ निघाली. मी ड्रमवर अजून पाणी ओतायला निघालो तर त्यांनी माझं मनगट धरलं, तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जातो म्हणून. पाचेक मिनिटांनी मी परत आत बसून पेडल दाबून बघितलं आणि ते सरळ खाली फळीला जाऊन टेकलं, मऊ, स्पंजासारखं. चालवताना घट्ट होतं आणि उभं राहिल्यावर मऊ. त्या क्षणी मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

दीड तास आम्ही तिथे बसलो. आईने डबा काढला, पोळी-भाजी खाल्ली, कुणी फार बोललं नाही. पेडल हळूहळू वर आलं. उरलेला उतार कीस्टोनपर्यंत मी पूर्ण १ मध्ये उतरवला, आण्णा पुढे माझ्या शेजारी बसले होते आणि माझा पाय ब्रेककडे गेला की नुसते "हूं" म्हणायचे.

घट्ट आणि मऊ

या सगळ्याची गुरुकिल्ली मला त्या दोन पेडलमध्ये सापडली. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हीला "ब्रेक फेल" म्हणतात.

पेडल घट्ट आणि गाडी थांबत नाही, म्हणजे तेलाचा दाब व्यवस्थित पोचतोय, शू ड्रमवर टेकलाय, पण घर्षणच होत नाहीये. लायनिंग एका मर्यादेपलीकडे तापलं की त्याची पकड सुटते. ड्रम ब्रेकमध्ये हे जास्त वाईट होतं, कारण फिरणारा ड्रम शूला स्वतःच ओढून आत घेतो, थोडक्या पायावर जोरात ब्रेक लागतो तो त्यामुळेच, पण पकड थोडी कमी झाली की ही आपोआप मिळणारी मदत पण त्याच्याबरोबर कमी होते, म्हणजे तोटा दुप्पट. आणि ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो. डिस्क तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच येते.

पेडल मऊ म्हणजे तेल उकळलं. डॉट ३ चं ब्रेक ऑइल नवीन असताना २०५ डिग्रीला उकळतं, पण ते हवेतलं पाणी पीत राहतं आणि पुरेसं पाणी प्यायलं की उकळबिंदू १४० पर्यंत येतो. माझ्या गाडीतलं तेल कधी बदललं होतं ते मला माहीतच नव्हतं, रंग चहासारखा होता. तेलाच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलिंडर चाकातच असतो, चालताना त्याला थोडी हवा लागत होती. उभं राहिल्यावर हवा बंद, ड्रम आणि शूमधली सगळी उष्णता सिलिंडरमध्ये उतरली, तेलात वाफ झाली आणि वाफ दाबली जाते. म्हणजे मी जर पार्किंगमध्ये दोन मिनिटं थांबून "आता ठीक आहे" म्हणत निघालो असतो तर पुढच्या वळणावर पेडल सरळ खाली गेलं असतं.

घरी येऊन मी हिशोब केला, मी इंजिनिअर आहे, हे आधीच करायला हवं होतं. गाडी आणि चार माणसं मिळून २,३०० किलो. माथ्यापासून कीस्टोनपर्यंत उतार साधारण ८२० मीटर. गुणाकार केला की साडेअठरा मेगाज्यूल येतात. हीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवली तर पाऊण ते एक मेगाज्यूलच्या मधे खर्च होतात, म्हणजे हा एक उतार म्हणजे शंभरावरून वीसेक वेळा गाडी थांबवणं, मधे दम न घेता. सपाट हायवेवर वेगात असताना हवा बराच भाग खाते, पण तीस मैलांवर हवेचा अडथळा नगण्य. आणि 'डी' मध्ये तीस मैलांवर गाडी टॉप गियरला असते, इंजिन जेमतेम हजारावर, ते जवळजवळ काहीच धरत नाही. म्हणजे अर्ध्याहून जास्त भार ब्रेकवर. चारही ड्रम मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो बीड असेल. निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असं धरलं तरी पूर्ण उतारात ड्रम दोन-अडीचशे डिग्रीने वर जातो, पुढचे त्याहून जास्त, आणि मी तर वरून लागलेल्या तीन-चार मैलांतच अर्धा उतार संपवला होता.

याउलट लिव्हर १ वर टाकला तर? माझ्या गाडीच्या टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा पहिला गियर २.४५, दुसरा १.४५, मागचा एक्सल माझ्या गाडीला २.७६ चा. तीस मैलांवर पहिल्या गियरमध्ये इंजिन २,४०० च्या आसपास फिरतं. म्हणजे मला जी गर्जना वाटली ती त्या इंजिनासाठी आरामाची चाल होती. साठ मैलांवर दुसऱ्यात टाकली असती तरी तीन हजारांच्या आतच. ७.२ लिटरचं इंजिन, थ्रॉटल बंद, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला, असा मोठा हवेचा पंप फुकट मिळालेला असताना मी अकरा इंची ड्रम जाळत होतो.

चाकं उघडली तेव्हा

पुढच्या शनिवारी ड्राइव्हवेत गाडी जॅकवर घेतली. डाव्या पुढच्या चाकाचे नट सुटेनात, आण्णा पान्यावर उभे राहिले तरी हलेना. मग त्यांनी बोटाने स्टडचं तोंड पुसलं आणि म्हणाले हितं 'एल' आहे. त्या काळात क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे, चाक फिरताना नट ढिला होऊ नये म्हणून. उलट फिरवला, एका झटक्यात सुटला. फार्गोलाही असंच होतं म्हणे. (अशी गाडी कुणी घेतली तर टायरवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो एअर गनने स्टड तोडून ठेवेल.)

ड्रम काढला आणि शू समोर धरले. लायनिंग फक्त मधल्या तीन-चार इंचांत काळंकुट्ट, काचेसारखं चकचकीत झालेलं, आणि दोन्ही टोकांना अजून नवीन असल्यासारखं करडं. ड्रमच्या आत निळसर डाग. आण्णांनी शू ड्रममध्ये हाताने बसवून हलवला तर तो डुलत होता, पाळण्यासारखा. म्हणजे झालं होतं असं की जुना ड्रम कधीतरी लेथवर आतून घासून मोठा झालेला, आणि त्यात नवीन शू मूळ मापाच्या गोलाईचा बसवलेला. ड्रमचा गोल मोठा, शूचा लहान, मग तो मधेच टेकणार. पूर्वी दुकानांत शूची गोलाई ड्रमप्रमाणे घासून देणारं मशीन असायचं, पण लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जायची म्हणून ती मशिनं एकेक करून बंद झाली, जे झालं ते बरंच झालं, पण त्यामुळे नवीन शू जुन्या ड्रमला बसला की नाही हे बघायचं कामही बऱ्याच ठिकाणी सुटलं. शू थोडे दिवस हळू वापरले की आपोआप घासून बसतात. मी सपाटीवर हायवे चालवत होतो, ब्रेक फारसे लागतच नव्हते, त्यामुळे चार महिन्यांत ते बसलेच नव्हते. सगळा उतार लायनिंगच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला.

माझ्या मते दोष वाटायचाच तर असा : शू न जुळवता बसवले हा एक भाग, जुनं तेल हा एक भाग, आणि सलग पाय ठेवून उतरलो हा सगळ्यात मोठा. पहिले दोन नसते तरी तिसऱ्याने आज ना उद्या गाठलंच असतं. आणि तिसरा नसता तर पहिले दोन कदाचित कधी कळलेच नसते.

आण्णांना हे आकडे मी दाखवले नाहीत. त्यांना गरज नव्हती. त्यांचा नियम एका वाक्याचा होता, ज्या गेरवर चढली त्याच गेरवर उतरवायची, आणि तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटातला ट्रकवाला तुम्हाला सांगेल. मी तो लहानपणापासून ऐकला होता, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनाच्या कव्हरवर बसून ऐकला होता. पण क्लच गेला तसा माझ्या डोक्यातून गियर पण गेला. ऑटोमॅटिकने ते ज्ञान काढून घेतलं असं मी म्हणणार नाही, लिव्हर तिथेच होता, मी त्याच्याकडे बघायचं सोडलं होतं.

दुरुस्ती साधी होती. डेन्व्हरच्या उत्तरेला ट्रकचे ब्रेक करणारं एक जुनं दुकान सापडलं, तिथल्या म्हाताऱ्याने नवीन शू आमच्याच ड्रमला जुळवून दिले, एकेक ड्रम नंबर टाकून. चारही व्हील सिलिंडर नवीन, सगळं तेल काढून नवीन भरलं, मागचे अॅडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ ठेवणारे, गंजून अडकले होते ते सोडवले, मागची चाकं त्या दिवशी एवढी गार का होती ते तेव्हा कळलं. एकूण २७० डॉलर. पुढे डिस्क बसवायचा विचार खूप दिवस होता पण मी केलं नाही, आणि त्या गाडीबरोबर नंतरच्या आठ वर्षांत मला ते कधी कमी पडले नाहीत. दर दोन वर्षांनी तेल मात्र बदलत राहिलो.

आई-आण्णा परत जायच्या आधीच्या रविवारी आण्णा म्हणाले, परत त्या घाटाला जाऊ. आई आली नाही. आम्ही दोघंच गेलो. माथ्यावर गाडी थांबवली, सगळ्या चाकांना हात लावून बघितला, गार. मी लिव्हर २ ला घेतला, तिथूनच, उतार सुरू व्हायच्या आधी. पाय दोन्ही मोकळे. आण्णा मोठ्याने मोजत होते, ब्रेकला पाय लागला की एक आकडा. तीव्र वळणांच्या आधी एकदा ब्रेक मारून वेग कमी करायचा, १ ला टाकायचं, पाय काढून घ्यायचा. इंजिनाचा आवाज सगळ्या दरीत घुमत होता, आणि मला तो आवाज आय-७६ वरच्या हुंकारापेक्षा वेगळा लागला, तोच आवाज पण उलटा, ओढणारा नाही, धरणारा. अरापाहो बेसिनपर्यंत आकडा सातवर होता. कीस्टोनला उतरलो तेव्हा अकरा.

गाडी बाजूला घेतली. आण्णा वाकले, पुढच्या उजव्या चाकाच्या रिममधून दोन बोटं आत घालून ड्रमला टेकवली आणि तशीच ठेवली, मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग उठून पँटला हात पुसला, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं, मी सांगितलं. माहितीय म्हणाले, नुसता बसतो. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, लिव्हर पी वरून हलवला नाही, फक्त त्याच्यावर तळहात ठेवून समोरचा रस्ता बघत बसून राहिले, आणि मी बाहेर उभा राहून त्यांना पाहिजे तेवढा वेळ बसू दिलं.